फी माफ आहे, तरी रान विकायचं?

(तासगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र. ओळख पटेल असं सगळं काढून सारांश देतोय.)

"आमचं अडीच एकर रान, त्यात दीड एकर द्राक्षबाग. यंदा माल बेदाण्याला घातला, तो स्टोरेजला पडून आहे. थोरली मुलगी बारावी झाली, सीईटीला ८८ पर्सेंटाईल. कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म अजून भरायचाय. पुण्याच्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागेल असं नेटकॅफेवाला म्हणतो. इकडं सांगली जिल्ह्यातही इंजिनीअरिंगला लागेल, घरून एसटीनं जाता येईल. तिथं शिक्षण शुल्क सोडून वर्षाला पंधरा हजार भरावे लागतात म्हणे. पुण्याच्या कॉलेजनं फोनवर वर्षाचे १,४५,००० सांगितले, हॉस्टेल-मेसचे लाखभर वेगळे. आमचे मालक रस्त्याकडचं वीस गुंठं काढायचं म्हणतात. दीर म्हणतात, मुलींना आता सगळं फुकट आहे, पुण्यालाच घाला. बँकेचं कर्ज काढावं तर मुलीच्या नावावर कर्ज. उद्या स्थळं बघताना काय सांगायचं? धाकटा दहावीला आहे, त्याच्यासाठी काही ठेवायला नको का? आम्ही ओबीसीत येतो. मुलगी म्हणते, तुम्ही म्हणाल तिथं जाते. काय करावं?"

ताई,

आधी त्या १,४५,००० चे तुकडे करू. कॉलेजनं एकच आकडा सांगितला आणि घरात त्याच्यावर रान विकायची बोलणी सुरू झाली. विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजच्या फीत मुख्य दोन भाग असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. ती फी कॉलेजच्या मर्जीवर नसते. २०१५ च्या कायद्यानं नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार फी ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. नेटकॅफेवाल्याकडून कटऑफ काढून घेता, तसा हा कागदही काढून घ्या. तुम्हाला सांगितलेल्या आकड्यात सव्वा लाखाच्या आसपास शिक्षण शुल्क असावं आणि वीसेक हजार विकास शुल्क व किरकोळ. मी याच अंदाजावर पुढं जातो, तुम्ही खरा आकडा घाला.

आता दिरांचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घटकातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं. कॉलेज सरकारी असो, अनुदानित असो की विनाअनुदानित, सवलत लागू आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. खासगी विद्यापीठात घेतला तरी गेली. जून-जुलैत सांगलीच्या विश्रामबागेत आणि पुण्यात प्रवेशाचे जे मध्यस्थ फिरतात, ते नेमकं हेच सांगत नाहीत. "कॉम्प्युटर पक्कं करून देतो, कॅपची वाट बघू नका" म्हणणाऱ्याच्या एका सहीनं तुमचे चार वर्षांचे पाच लाख जातात.

म्हणजे सव्वा लाख गेले बाजूला. उरलं काय ते बघा. पुण्याला विकास शुल्क व इतर २०,०००, हॉस्टेल-मेस १,००,०००, पुस्तकं, जाणं-येणं, आजारपण, मोबाइल धरून १५,०००. वर्षाला १,३५,०००, चार वर्षांचे ५,४०,०००. घरून जाऊन-येऊन शिकली तर फीचे १५,००० आणि एसटीचा पास, डबा-चहा, पुस्तकं मिळून ३०,०००. वर्षाला ४५,०००, चार वर्षांचे १,८०,०००. लॅपटॉप दोन्हीकडं लागणारच, तो सोडून देऊ. फरक ३,६०,००० चा. तुमच्यापुढचा प्रश्न एवढाच आहे, मुलीच्या शिक्षणाचा नाही. पुण्याला जाण्यासाठी तीन लाख साठ हजार द्यायचे का, आणि द्यायचे तर कुठून. वीस गुंठ्यांचा विषय या आकड्यासमोर ठेवून बघा, आपोआप लहान होतो.

राहण्या-खाण्यासाठी ओबीसी मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत मिळू शकतात. अर्ज जरूर करा. पण जागा ठरलेल्या असतात, उत्पन्नाची अट असते, नंबर गुणांवर लागतो आणि पैसे सावकाश येतात. म्हणून खात्यात जमा होईपर्यंत हिशेबात धरू नका. सरकारी वसतिगृहाचा अर्जही त्याच वेळी भरून ठेवा. त्याला आपल्याकडं लोक उगाच नाक मुरडतात.

आता पत्रात न लिहिलेली, पण मला दिसणारी अडचण. सांगली-तासगावच्या बागायतदाराची ओढाताण बहुतेक वेळा पैसे नसण्यापेक्षा पैसे वेळेवर नसण्याची असते. कॉलेजचं वर्ष जुलै-ऑगस्टला सुरू होतं, हॉस्टेल डिपॉझिट तेव्हाच मागतं, आणि त्याच सुमाराला फळछाटणीची तजवीज करायची असते. द्राक्षाचा पैसा फेब्रुवारीनंतरचा. बेदाणा तर भावाच्या आशेनं दिवाळीपर्यंत स्टोरेजला. शिष्यवृत्ती दोन हप्त्यांत येते आणि तिच्या सवडीनं येते. या मधल्या पाच-सहा महिन्यांच्या फटीत सोनं गहाण पडतं, सावकार घरात येतो आणि रान विकायची भाषा सुरू होते. तुमचा बेदाणा स्टोरेजला पडून आहे म्हणता ना? बाजार समितीमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना, म्हणजे ठेवलेल्या मालावर कर्ज, चालते, बेदाणा त्यात बसतो. तासगावच्या समितीत चौकशी करा. पडत्या भावानं माल काढण्यापेक्षा किंवा जमीन विकण्यापेक्षा दोन-चार महिन्यांचं तारण परवडतं.

आणि कॉलेज म्हणालं, "आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ," तर नम्रपणे नाही म्हणा. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. तोंडी वाद घालू नका. शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, इतर काय, हे कॉलेजच्या शिक्क्यानिशी लिहून मागा. लिहून मागितलं की बऱ्याच ठिकाणी आकडा तिथल्या तिथं खाली येतो. नाहीच ऐकलं तर तंत्रशिक्षणाच्या पुणे विभागीय सहसंचालकांकडं अर्ज करा, सोबत पावती जोडा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. कुठल्याही नावानं देणगी मागणं १९८७ पासून कायद्यानं गुन्हा आहे.

मी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर नोकरी काढली. सवलत हातची जाते ती बहुतेक वेळा मार्कांमुळं जात नाही. महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, अर्ज भरताना आधारवर ओटीपी येतो. मुलगी समोर उभी, आणि आधारला जोडलेला नंबर मुंबईला माथाडीत असलेल्या मामाचा. मामा ड्युटीवर. फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपली, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या पोरीचं बँक खातं आधारशी जोडलेलं, पण तिसऱ्याच बँकेतलं, लहानपणी शाळेच्या गणवेशासाठी काढलेलं आणि आता बंद पडलेलं. पैसे निघतात आणि त्या बंद खात्यावर आपटून माघारी जातात, हे घरच्यांना वर्षभरानं कळतं. म्हणून या आठवड्यात एवढं करा. मुलीच्या आधारला तिचाच किंवा तुमचा चालू नंबर जोडा. बँकेत जाऊन "थेट लाभाचे पैसे कुठल्या खात्यावर येतील" हे विचारून खात्री करा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेयर एकाच खेपेत मागा. नॉन-क्रिमीला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, नुसता एका वर्षाचा दाखला घेऊन गेलात तर परत पाठवतील.

जात वैधता प्रमाणपत्राचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. याची मला खरी काळजी वाटते. जातीचा दाखला वेगळा, वैधता वेगळी. राखीव जागेवर प्रवेश आणि पुढची सवलत दोन्ही त्याच्यावर अडतं. अर्ज केला नसेल तर उद्याच करा आणि पावती जपून ठेवा. पावतीवर कधी कधी सरकार मुदत वाढवून देतं, पण त्या भरवशावर राहू नका.

आता वीस गुंठ्यांकडं येतो. तुमच्या मालकांची माया मला समजते. पोरीसाठी रान काढायला तयार असलेला बाप आपल्या भागात अजूनही घरोघरी सापडत नाही. पण हिशेबानं बघा. तुम्हाला लागणार वर्षाला सव्वा-दीड लाख, तेही चार वर्षांत विखरून. जमिनीचा पैसा येतो एका दिवशी. तो चार वर्षं खात्यावर तसाच राहिलेला मी फार कमी घरांत पाहिलाय. बोअर आटते, भावकीत लग्न निघतं, कुणीतरी हातउसने मागतं. तिसऱ्या वर्षाच्या फीला पुन्हा शोधाशोध, आणि रस्त्याकडचं रान मात्र कायमचं गेलेलं.

शिवाय "मुलासाठी ठेवायला नको का" असं तुम्ही विचारलंय. रान वडिलोपार्जित असेल तर त्यात मुलीचाही मुलाइतकाच वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीनं देशभर तसा कायदा झाला, महाराष्ट्रात त्याच्याही आधी. म्हणजे वीस गुंठं विकून तुम्ही मुलाचं काढून मुलीला देताय असं होत नाही. आणखी एक गोष्ट घरात बहुधा कुणाच्या लक्षात आली नसेल. आजच्या नियमांनी तुमच्या घरात मुलगी स्वस्तात शिकते आणि मुलगा महाग पडतो. तिला शिक्षण शुल्क पूर्ण माफ, त्याला निम्मं. त्यामुळं सरकारी किंवा अनुदानित कॉलेज गाठण्याची खरी गरज धाकट्याला आहे. दहावीनंतर मिरज किंवा कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आणि तिथून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट त्याच्यासाठी आत्तापासून डोळ्यापुढं ठेवा. अकरावी-बारावीच्या क्लासचे पैसेही वाचतात.

कर्जाबद्दल. शैक्षणिक कर्ज एकट्या मुलीच्या नावावर नसतं, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. ४ लाखांपर्यंत बँक सहसा तारण मागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर आणखी साधारण एका वर्षानं सुरू होतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा, म्हणजे नुसतं "साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या" असं ऐकून माघारी यावं लागत नाही. अर्ज नोंदलेला राहतो. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मानांकन असेल, तर हप्ते सुरू होईपर्यंतचं व्याज केंद्राच्या योजनेतून मिळू शकतं, बँकेला तेही विचारा. पीएम-विद्यालक्ष्मी ही नवी योजना मात्र यादीतल्या निवडक संस्थांपुरती आहे. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का, हे ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी बघा.

आपल्या भागातली एक मेख सांगतो. कर्जमाफी होईल या आशेनं सोसायटीचं पीककर्ज थकवून ठेवलेलं असतं. मग पोरीच्या कर्जाच्या वेळी बँक सिबिल काढते आणि बाप थकबाकीदार दिसतो. तुमच्याकडं तसं असेल तर लपवू नका. आधी नवं-जुनं, म्हणजे जुनं पीककर्ज भरून लगेच नवं घेणं, जमतं का बघा, नाहीतर घरातला दुसरा कुणी सहकर्जदार चालेल का, हे शाखेत विचारा.

आणि स्थळांचं म्हणाल, तर मला जरा स्पष्ट बोलू द्या. चार लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची मुदत, असं धरलं तर महिन्याला ६,६४० च्या आसपास हप्ता बसतो. नोकरी करणारी इंजिनीअर मुलगी तो दोन-तीन वर्षांत आटोक्यात आणू शकते. आपल्याकडं मंगल कार्यालय, मानपान आणि दोनशे गाड्यांच्या वरातीसाठी याच्या दुप्पट-तिप्पट कर्ज काढतात, तेव्हा स्थळ बघायला आलेले त्याबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. शिक्षणाच्या हप्त्यावरून जे घर मागं फिरेल, ते पुढं तिच्या पगारावर हक्क सांगायला सगळ्यात पुढं असेल. लग्नाला बाजूला काढलेलं काही असेल तर त्यातलं लाखभर आता वापरा. कर्ज तेवढं कमी.

सोन्याचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण घरात निघेलच. आपल्या मुलखात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे प्रत्येक स्नेहसंमेलनात सांगतात, आणि सांगावंच. पण तेव्हा त्या पोरांना दुसरा आधार नव्हता. तुमच्यापुढं माफीचा शासन निर्णय आहे, आधार योजना आहे, बँक आहे. ते सगळे दरवाजे ठोठावून झाल्याशिवाय गंठणाला हात लावू नका. त्याच कर्मवीरांची "कमवा आणि शिका" आजही अनेक कॉलेजांत चालते. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, ऑफिसात तासावर काम आणि थोडे पैसे. मुलीला दुसऱ्या वर्षापासून त्यात घाला. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष जड जातं, गणितात एटीकेटी लागली तर मिळवलेल्या हजार-दोन हजारांना काही अर्थ राहत नाही. वर्ष बुडालं तर शिष्यवृत्तीचं नूतनीकरणही अडकतं, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

मग पुणे की घर? तीन लाख साठ हजार देण्यासारखं त्या कॉलेजात काही आहे का, हे बघून ठरवा. पुणे शहर म्हणजे नोकरी नव्हे. पुण्याच्या कडेला माळावर उभी राहिलेली, बाहेरून चकचकीत आणि आत शिकवायला कुणी टिकत नाही अशी कॉलेजंही आहेत. "सगळ्यात मोठं पॅकेज किती" हे विचारू नका, तो एका मुलाचा आकडा असतो आणि फ्लेक्सवर तोच छापतात. तिच्या शाखेतल्या गेल्या वर्षीच्या साठातल्या किती जणांना नोकरी लागली आणि पगारांची क्रमानं यादी केली तर अगदी मधल्या मुलाला पगार किती, ते विचारा. तिथं शिकणाऱ्या आपल्या भागातल्या दोन मुलींशी तिला फोनवर बोलू द्या, तुम्ही मध्ये न बसता. इकडच्या कॉलेजचंही तसंच. आणि सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी यांचे गेल्या वर्षीचे सगळ्या शाखांचे कटऑफ एकदा नजरेखालून घाला. कॉम्प्युटर तिथं ८८ ला मिळणार नाही हे उघड आहे, पण बाकीच्या शाखा न बघताच सोडू नयेत.

माझं मत विचाराल तर इकडं कॉम्प्युटर किंवा तिला आवडणारी शाखा बऱ्या कॉलेजात मिळत असेल, तर मी घरून जाणं वर ठेवीन. एक अट घालून. एसटीचा प्रवास एका बाजूनं सव्वा तासाच्या वर जात असेल, शेवटची गाडी प्रॅक्टिकल सुटायच्या आधी निघत असेल, किंवा घरी आल्यावर तिच्या हातात भाकरीचं पीठ आणि गोठ्याची बादली येणार असेल, तर घरून शिकण्यातली बचत खोटी आहे. तेव्हा कॉलेजजवळ खोली घ्या, सांगलीतली मेस पुण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. हे शेवटचं तुमच्याच हातात आहे, ताई, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आणि "तुम्ही म्हणाल तिथं जाते" हे उत्तर घेऊ नका. घरात वीस गुंठ्यांची चर्चा ऐकणारी अठरा वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणणार? वरचा हिशेब तिच्यासमोर ठेवा, दोन्ही कॉलेजांचे आकडे तिलाच कागदावर मांडायला सांगा, आणि मालक घरी असताना विचारा. तिनं पुणं मागितलं आणि कारण पटलं, तर रानाला हात न लावता साडेतीन-चार लाखांच्या कर्जावर ते जमतं. आवाक्याबाहेरचं काही नाही.

अशाच पेचात असलेल्या बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. मुलगा असेल आणि घर ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असेल तर शिक्षण शुल्क निम्मं धरून हिशेब करा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आणि राहण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. तो कुठल्या प्रवर्गाला लागू होतो, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती टेबलावर विचारा आणि सातबारा, आठ-अ सोबत न्या. पहिल्या वर्षाच्या इंजिनीअरिंगच्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० ची आहे. तिचा अर्ज महाडीबीटीवर नसतो, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर असतो, म्हणून पुष्कळ जणींचा राहून जातो. ताई, तुमच्या मुलीचाही भरा; दुसऱ्या सवलतीबरोबर ती घेता येते का, ते अर्जातल्या अटीत वाचून.

ऑप्शन फॉर्म भरताना नेटकॅफेवाल्याला क्रम ठरवू देऊ नका. क्रम घरी कागदावर लिहून न्या, मुलीच्या अक्षरात, आणि फॉर्म लॉक करण्याआधी स्क्रीनवरचा क्रम त्या कागदाशी तिलाच ताडून बघायला सांगा.